बाई मोजली, पण कोणती?

पहाटे ग्वाल्हेरच्या गोले का मंदिर चौकात मालनपूरला जाणाऱ्या कंपन्यांच्या बस लागतात. भिंड रस्त्यानं निघालेली माणसं उजाडता उजाडता पाळीवर पोचतात. चॉकलेट, साबण, टायरसाठी लागणारा नायलॉनचा धागा, विजेची उपकरणं, असं बरंच काही तिथं तयार होतं. कागदोपत्री मालनपूर भिंड जिल्ह्यात असलं तरी तिथला पगार राहतो ग्वाल्हेरात. १९२१ साली सुरू झालेली बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल बंद पडली, तेव्हापासून शहराची भिस्त या रस्त्यावरच आहे. या बसमध्ये आता मुलीही दिसतात. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या तिन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशे मुलीसुद्धा नव्हत्या. अशा मुलखात अंधारात घराबाहेर पडून कारखान्याची बस धरणारी मुलगी ही फार मोठी गोष्ट आहे, हे आधीच सांगते. पुढे जे लिहिणार आहे त्यानं तिचं मोल कमी होऊ नये.

गणपतीच्या दिवसांत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका घरी दोन माणसांचं बोलणं झालं. वादच म्हणा. मी तिथं होते आणि मधूनमधून बोललेही. एक काका. मालनपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या याच लष्कर भागात राहणाऱ्या मराठी ब्राह्मण घरातले. दुसरी त्यांच्या जुन्या मित्राची मुलगी. तिचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनं नागपूरकडून इकडे आले. घर बौद्ध. ती माधव इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर झाली आणि आज एका खाजगी कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. काकांच्या घरी ती लहानपणापासून येते. दोघांची नावं आणि त्यांच्या कंपन्या लिहीत नाही. मुद्दा त्यांच्यापुरता नाही.

विषय निघाला तो तिच्या बढतीवरून. यंदाही यादीत नाव नव्हतं.

काका म्हणाले, "मिळेल गं. आमच्या वेळी काय होतं ते तुला ठाऊक नाही. पहिली मुलगी लाइनवर घेतली तेव्हा बायकांसाठी साधं स्वच्छतागृह नव्हतं. वरच्यांशी भांडून मी ते बांधून घेतलं. आज बघ, प्रयोगशाळेत मुली, ऑफिसात मुली. दोन हजार तेराच्या कंपनी कायद्यानं संचालक मंडळावर बाई सक्तीची झाली. बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, तक्रार समिती आली. गाडी हलली आहे. धीर धर."

"काका, गाडी हलली हे खरं. तिच्यात कोण बसलंय ते बघा ना. बाई सक्तीची झाली तेव्हा कितीतरी कंपन्यांनी मालकाच्या घरातलीच बाई आणून बसवली. बायको, मुलगी, सून."

"त्याला सेबीनं चाप लावला की. आधी पाचशे मोठ्या कंपन्यांना, मग हजारांना स्वतंत्र महिला संचालक बंधनकारक केली. एप्रिल दोन हजार वीसपर्यंत."

"लावला. पण स्वतंत्र म्हणजे घरची नको एवढंच. ती कुठून येते हे कोण विचारतं?"

काकांना हे पटलं नाही, आणि त्यांचं न पटणं मी हलक्यात घेत नाही. हा माणूस आयुष्यभर मुलींच्या बाजूनं उभा राहिला आहे. बाई ही बाई असते आणि तिच्या अडचणी सारख्याच असतात, असं ते मनापासून मानतात. त्यात जात आणली की भांडण लागतं, ही त्यांची धारणा.

मग तिनं रात्रपाळीची गोष्ट सांगितली. ती इथे जरा सविस्तर लिहिते, कारण कारखान्यातली बढती कुठं अडते ते तिच्यात दिसतं.

ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलेलं माणूस आधी विभागात मुरतं, मग त्याला शिफ्ट इनचार्ज करतात. शिफ्ट इनचार्ज म्हणजे रात्री दोन वाजता यंत्र बंद पडलं तर निर्णय घेणारा. ज्यानं पाळी सांभाळलेली नाही त्याला पुढे प्लांटची जबाबदारी मिळत नाही. नियमात तसं कुठं लिहिलेलं नसतं, पण वरच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमानं बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई होती. म्हणजे शिडीची एक पायरी कायद्यानंच काढून घेतलेली. पुढे राज्याराज्यांत सवलती आल्या. २०२० च्या श्रमसंहितेनं तर सुरक्षेची व्यवस्था असेल आणि बाईची संमती असेल तर रात्रपाळी खुली केली.

"संमती घ्यायची तर आधी विचारायला हवं ना," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही. पाळ्यांचा तक्ता लागला तेव्हा माझ्या नावापुढे 'नाइट – नो' असं छापूनच आलं होतं. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच आहे. घरचे काळजी करतील."

"हे सगळ्याच मुलींना झालं असेल."

"झालं. माझ्या बॅचला आणखी एक मुलगी होती, तिच्याही नावापुढे तेच. पण तिला सहा महिन्यांत हेड ऑफिसच्या प्रोजेक्टवर घेतलं. तिथं रात्रपाळीचा अनुभव लागत नाही. ती हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिचे काका आणि प्लांट हेड एकाच मंडळाच्या कार्यक्रमांना जातात, सुट्टीच्या दिवशी एकमेकांकडे जेवतात. प्रोजेक्टची जागा निघाली हे तिला कळलं जेवणाच्या ताटावर, मला कळलं नेमणुकीच्या मेलमधून. बाई म्हणून आम्ही दोघी अडलो. तिच्यासाठी बाजूचं दार उघडलं. त्या दाराशी आमची ओळखच नाही, काका."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओळखीपाळखी सगळीकडे चालतात. त्याला जात कशाला म्हणायचं?"

"कारण ओळखी जातीतच होतात. नवीन माणूस आला की कँटीनमध्ये त्याला काय विचारतात? पूरा नाम? गाव कुठलं? पाहुणे कुठले? आपल्या मराठी लोकांतही तेच. मराठी आहे म्हटल्यावर चेहरा खुलतो, आणि आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न येत नाही. पहिली काही वर्षं मी ई-मेलवर फक्त माझं आणि बाबांचं नाव लावलं. आडनाव लावलंच नाही."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. काकांच्या घरात ती लहानपणापासून वावरली, आणि तरी हे त्यांना ठाऊक नव्हतं.

इथं मी बोलले. एक अमेरिकन खटला आठवला तो सांगितला. जनरल मोटर्सच्या सेंट लुइसच्या कारखान्याविरुद्ध पाच काळ्या स्त्रियांनी दावा लावला होता. कंपनीनं १९६४ पूर्वी काळ्या स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदी आली, सेवाज्येष्ठतेनुसार छाटणी झाली, आणि १९७० नंतर लागलेल्या काळ्या बायका सगळ्या गेल्या. १९७६ साली कोर्टानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही. कंपनीनं बायका घेतल्या होत्या, म्हणजे बाई म्हणून भेदभाव नाही. त्या बायका गोऱ्या होत्या. वर्णाच्या भेदभावाबद्दल त्याच कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या दाव्यात सामील व्हा, असं सुचवलं.  दोन्ही एकत्र करून तिसरा दावा लावता येणार नाही, असा तो निकाल. किम्बर्ली क्रेन्शॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये याच निकालावर बोट ठेवून लिहिलं, आणि लिंग आणि वर्ण एकत्र पाहायला हवेत हा विचार तिथून जगभर पसरला.

काकांनी हे ज्या रीतीनं ऐकलं ते माझ्या लक्षात राहिलं आहे. त्यांचं आयुष्य कामगार कायद्यात गेलेलं. ते लगेच म्हणाले, "म्हणजे आपलं पंचवीस-जी. जुना औद्योगिक विवाद कायदा. शेवटी आला तो आधी बाहेर." आणि मग, कुणीही न विचारता: "एकदा आमच्याकडे छाटणी झाली होती. यादी मीच केली. नियमाला धरून, एक नाव मागेपुढे नाही. युनियननंही मान्य केली. त्यात पॅकिंगच्या बायका होत्या. उशिरा घेतलेल्या. बहुतेक सगळ्या..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तिनंही करून दिलं नाही.

यादी नियमाला धरून होती, यात शंका नाही. उशिरा कुणाला घेतलं आणि का, हे त्या नियमाला दिसत नव्हतं.

तिनं मग म्हटलं, कंपन्यांनी जातही मोजावी. पण काका एवढ्यावर मागे हटणारे नव्हते, आणि पुढचा त्यांचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात वजनदार होता. "बरं, मोजायचं म्हणतेस. कंपनीनं फॉर्म काढायचा, प्रत्येकानं जात लिहायची. दोन एप्रिल दोन हजार अठरा तू पाहिलंस. दलित संघटनांच्या भारत बंदच्या दिवशी याच ग्वाल्हेरात, भिंडमध्ये, मुरैन्यात गोळ्या चालल्या, माणसं मेली. त्यानंतर कित्येक दिवस पाळीवर माणसं एकमेकांशी धड बोलत नव्हती. अशा मुलखात तू कारखान्याच्या आत जातीचा रकाना आणणार? आम्ही महाकष्टानं कँटीनला एकच पंगत केली."

"पंगत एक केलीत, ते तुमचं मोठं काम आहे. पण त्या पंगतीतून वर कोण गेलं? दोन हजार बारामध्ये अजित, डोंकर आणि सक्सेना या तीन अभ्यासकांनी देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांचे नऊ हजारांवर संचालक तपासले. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आलं. जवळजवळ त्र्याण्णव टक्के सवर्ण. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. रकाना नव्हता म्हणून जात गेली असती, तर हा आकडा असा आला असता का?"

"संचालक मंडळ म्हणजे मालकांचं घर. खाली तसं नाही. खाली गुणवत्ता चालते."

"मग सुखदेव थोरातांची पाहणी घ्या. आपल्याच अमरावतीकडचा माणूस. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेलनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं. दलित नावाच्या माणसाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्णाच्या दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाला एक तृतीयांश. ते अर्ज तर नुसते मुलाखतीच्या दारापर्यंतचे होते. गुणवत्ता तपासायची वेळच आली नव्हती."

काकांनी मग लीना नायरचं नाव काढलं. कोल्हापुरात वाढलेली, सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर झालेली मुलगी. १९९२ साली हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागली, युनिलिव्हरच्या मनुष्यबळ विभागाची जागतिक प्रमुख झाली, आणि २०२२ च्या जानेवारीत शनेलची प्रमुख. "आणि तुमच्यातली म्हणशील तर कल्पना सरोज. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातली दलित मुलगी. कमानी ट्यूब्सची अध्यक्ष, पद्मश्री. जिद्द असली की वाट सापडते."

"दोघींबद्दल मला अभिमान आहे," ती म्हणाली. "पण काका, कल्पनाताईंना कुठल्या कंपनीनं बढती दिली? कुठल्याच नाही. कर्जात बुडालेला, बंद पडलेला कारखाना त्यांनी स्वतः अंगावर घेतला, तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या. आमच्यातली बाई वर दिसायची तर तिनं कंपनी चालवायलाच घ्यावी लागते. आणि लीना नायरना ट्रेनी असताना लिव्हरनं कारखान्यात धाडलं. तो त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग होता. त्यांची बुद्धी त्यांचीच, पण पायरी जागेवर होती. मी तेवढंच मागते. पायरी जागेवर ठेवा, चढणं माझं मी बघते."

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. कंपन्यांतल्या बायकांवर लिहिणारे आम्ही लोक एकेका यशस्वी बाईचं चरित्र सांगतो आणि थांबतो. तिला कुणी कुठल्या वर्षी कोणत्या कामावर नेमलं, त्या नेमणुकीची यादी कुणी केली, हे कंटाळवाणं वाटतं म्हणून गाळतो. बढती मात्र त्या यादीतच ठरते.

सरकारी नोकरीचा विषय काकांनीच काढला. ग्वाल्हेरात महालेखाकारांचं मोठं कार्यालय आहे, बँका आहेत, रेल्वे आहे. तिथं आरक्षणातून लागलेल्या मुली अधिकारी झालेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. "तिथं चाललं, कारण कायदा आहे. खाजगीत आरक्षण आणा म्हणशील तर मी विरोधात आहे. कंपनी बुडेल."

"मी आरक्षण म्हटलंच नाही अजून. सरकारी कार्यालयात रोस्टर असतं. कुठल्या श्रेणीत कोण किती, ते कागदावर असतं. कमी पडलं तर विचारता येतं, कोर्टात जाता येतं. खाजगीत तो कागदच नाही. दोन हजार चारपासून सरकार खाजगी आरक्षणाची चर्चा करत होतं. मग दोन हजार सहाच्या सुमाराला उद्योगांच्या संघटना म्हणाल्या, सक्ती नको, आम्ही आपणहून करतो. शिष्यवृत्त्या दिल्या, प्रशिक्षण दिलं, चांगलं केलं. पण कुठल्या श्रेणीत किती जण पोचले हे विचारायला गेलं की उत्तर मिळत नाही."

यात मी माझ्याकडून भर घालते. सेबीनं हजार मोठ्या कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय-जबाबदारी अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कर्मचारी किती, त्यात स्त्रिया किती, अपंग किती, पुरुषाचा आणि स्त्रीचा मध्यम पगार किती, संचालक मंडळावर स्त्रिया किती, हे सगळं भरून द्यावं लागतं. फार उपयोगी अहवाल आहे. जातीचा रकाना त्यात नाही. अमेरिकेत शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना १९६६ पासून दरवर्षी वर्ण आणि लिंग दोन्ही धरून, कामाच्या श्रेणीनुसार आकडे सरकारला द्यावे लागतात. मॅकिन्सी आणि लीन इन या संस्थांच्या २०२४ च्या पाहणीत तिथल्या कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर गोऱ्या स्त्रिया २२ टक्के आणि इतर सगळ्या वर्णांच्या स्त्रिया मिळून ७ टक्के निघाल्या. चित्र वाईटच आहे. पण तिथली काळी बाई तो सात टक्क्यांचा आकडा हातात घेऊन मालकासमोर उभी राहू शकते. आपल्याकडच्या दलित, आदिवासी, भटक्या जमातींतल्या बाईच्या हातात कुठलाच आकडा नाही. बायकांच्या रकान्यात ती मिसळून जाते आणि कंपनीची कामगिरी चांगली दिसते.

काकांची भीती मात्र खोटी नाही, हे तिलाही मान्य होतं. फॉर्मवर जात लिहिली आणि ती साहेबाच्या टेबलावर गेली तर काय होईल, हे आडनाव लपवलेल्या मुलीला सांगायला नको. "म्हणून नाव नको," ती म्हणाली. "ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. माहिती कारखान्याबाहेरच्या माणसाकडे जावी. कंपनीला फक्त बेरीज मिळावी. ट्रेनी इतके, शिफ्ट इनचार्ज इतके, मॅनेजर इतके, त्यात बायका इतक्या, त्या बायकांत अनुसूचित जाती-जमातींच्या इतक्या. कुणाचं नाव कुठंही नाही."

"लोक भरणार नाहीत."

"पहिल्या वर्षी नाही भरणार. तुमच्या पहिल्या लाइनवर तरी किती मुली आल्या होत्या?"

काका हसले नाहीत. त्यांनी एक व्यवहाराची सूचना केली, आणि ती मला फार मोलाची वाटली. ते म्हणाले, "जातीच्या आधी दुसरं मोज. बढतीच्या बैठकीत कागदावर 'फिट' असं लिहायची सवय आहे. मीही लिहायचो. त्याला कारण लागत नाही. ते बंद करायला लाव. ज्याचं नाव गाळलं त्याच्यापुढे कारण लिहायचं, कामाशी संबंध असलेलं. आणि जागा निघाली की आधी फलकावर लावायची, मग कुणालाही सांगायची. याला कुणी जातीयवाद म्हणू शकणार नाही."

"हे दोन्ही हवंच. पण यानं भागणार नाही. कारणं लिहायला लागले की चांगली कारणंही लिहितील. 'नाइट – नो' हे कारणच तर होतं."

त्यांचं एकमत झालं नाही. खाजगी कंपनीनं जात मोजावी की नाही यावर काका अजूनही 'नाही'च म्हणतात. माझा कौल तिच्या बाजूनं आहे. काका म्हणतात ते फलक आणि लेखी कारणं उद्यापासून सुरू व्हावीत, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण ज्या देशात १९५० पासून सरकार आपल्या नोकऱ्यांत ही मोजणी करत आलं आहे आणि त्यातून माणसं वर आली आहेत, तिथं मोजलं की द्वेष वाढतो हे म्हणणं टिकत नाही. द्वेष न मोजताही वाढला. दोन एप्रिलला कुठल्या कंपनीचा फॉर्म कारणीभूत नव्हता.

सेबीच्या अहवालात श्रेणीनुसार, नावाशिवाय, स्वेच्छेनं दिलेल्या माहितीच्या बेरजेचा एक रकाना वाढावा, ही मागणी आपण करायला हवी. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे कुणी पुण्यात, मुंबईत, नागपुरात किंवा इथं मालनपूरला बढतीच्या बैठकीत बसतात, त्यांना एक विनंती. यंदाची यादी मंजूर करण्याआधी पाळ्यांचा तक्ता मागवा. ज्या मुलींच्या नावापुढे 'नाइट – नो' लिहिलंय त्यांना एकेकीला बोलावून विचारा, हे तुम्ही सांगितलं होतं का. आणि गेल्या तीन वर्षांत हेड ऑफिसच्या प्रोजेक्टवर कोण गेलं, त्यांना जागेची खबर कुणाकडून मिळाली, तेही विचारा.